धार नसलेलं पातं

नारायणगावात माझं धार लावायचं दुकान आहे म्हटलं, की शहरातले पाहुणे आधी हसतात आणि मग विचारतात, "एवढ्यावर भागतं?" भागतं. विळे, कोयते, सुऱ्या, शिंप्यांच्या कात्र्या, हॉटेलवाल्यांचे सुरे. द्राक्षांची छाटणी आली की छाटणीच्या कात्र्यांचा असा ढीग पडतो, की डबा उघडायला सवड मिळत नाही. आता दुकान पुतण्या सांभाळतो. मी सकाळचे दोन तास जाऊन खुर्चीत बसतो आणि त्याच्या कामात नाक खुपसतो. पण माझं जे काही नाव झालंय, ते या धारेमुळं झालेलं नाही. ते झालंय जुन्या चाकूंमुळं.

घडीचा चाकू म्हणजे मुठीत मिटणारा, खिशात मावणारा. आजोबा-पणजोबांच्या वेळचे असे चाकू आमच्या भागात अजून घरोघर निघतात. कुणी मुंबईला गोदीत होतं, कुणी साहेबाच्या बंगल्यावर माळी होतं, कुणी जुन्या बाजारातून हौसेनं आणलेला असतो. एका मुठीत दोन, चार, कधी सहासुद्धा पाती. त्यातलं मोठं पातं कशाला आहे हे शेंबडं पोरही सांगेल. घोळ असतो तो बाकीच्यांचा. एक आकड्यासारखं, एक दाभणासारखं, एकाला मधेच दात. घरातली माणसं त्याच्याकडं बघून डोकं खाजवत राहतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, नारायणगावच्या मामांकडं न्या. ते मामा म्हणजे मी.

ओळखायची युक्ती सांगतो. पात्याच्या आकाराकडं फार बघायचं नाही, आकार फसवतो. ते कुठं झिजलंय ते बघायचं. टोकाला झिजलं असेल तर टोचायचं काम. पोटाला झिजलं असेल तर ओढून कापायचं. एकाच बाजूनं घासलेलं आणि दुसऱ्या बाजूनं सपाट असेल, तर लाकूड किंवा फांदी सरळ छाटायचं. मग मुठीवर अंगठ्यानं कुठं खड्डा पाडलाय ते बघायचं, म्हणजे माणूस डावखुरा होता का तेही कळतं. सगळ्यात शेवटी वास घ्यायचा. मी चाकू हुंगायला लागलो की बायको म्हणते, दुधाच्या पातेल्यापाशी आलेल्या बोक्यासारखे दिसता. दिसेना का. तंबाखू कापणाऱ्या पात्याचा वास माणूस गेला तरी जात नाही, हे तिला कोण सांगणार.

एकदा मढचा एक गडी आला. त्याच्या चाकूला एक रुंद पातं होतं आणि त्याच्या कडेला एकच तिकोनी दात. "ह्येनं आमची म्हातारी खताची पोती फाडती," तो म्हणाला, "पर असला दात कशापायी?" मी बघितलं, तर पात्याच्या पाठीवर बारीक ठोके पडलेले. दाताचं टोक मात्र जपलेलं. मग माझ्या ध्यानात आलं. जनावर आजारी पडलं की पूर्वी शीर तोडून रक्त काढत. दात शिरेवर टेकवायचा आणि पाठीवर काठीचा हलका टोला द्यायचा. मी विचारलं, "तुमच्या घरात कुणी जनावरांचं औषध करायचं का?" गडी एकदम उभाच राहिला. "आज्जा! लोकं लांबलांबनं बैल घिऊन यायची आमच्या दारात. आमाला वाटायचं मंतर टाकीत व्हता!" त्याला इतका आनंद झाला, की त्यानं दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला आणि दिवाळीला माझ्याकडं घरच्या तांदळाची पिशवी पाठवली.

सगळेच असे खूश होऊन जात नाहीत. बोरी बुद्रुकच्या एका घरात चाकूला आकडा होता आणि तो घोड्याच्या खुरातला खडा काढायचा, अशी त्यांची समजूत होती. त्यावरून पणजोबांचं घोडं, घोड्यावरून पणजोबांचा रुबाब, आणि रुबाबावरून सगळ्या भावकीचं बोलणं चालायचं. मी आकडा बोटावर घेतला. तो उदबत्तीच्या काडीएवढा बारीक. म्हटलं, "पावणं, हा बुटाची बटणं ओढून लावायचा आकडा आहे. पूर्वी साहेबलोकांच्या बुटांना बटणं असायची." त्यांचा चेहरा पडला. "मंग घोडं?" मी म्हणालो, "घोडं नव्हतं असं मी कुठं म्हणतोय? या चाकूत नव्हतं, एवढंच." चाकू खिशात घालून ते जे गेले, ते दोन वर्षं फिरकले नाहीत. आता वाटतं, तोंड आवरलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तेव्हा मला गप्प बसता यायचं नाही. दहा निकाल बरोबर आले की माणसाच्या अंगात येतं, तसं माझ्या आलं होतं.

ते उतरलं तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात.

महाळुंगे पडवळच्या मंदाताई सकाळच्या गाडीनं दुकानात आल्या. पन्नाशीच्या, घाईत, हातातली छत्री गळतेय. त्यांनी पदराच्या गाठीतून एक चाकू काढला. काळ्या शिंगाची मूठ, आणि दोन पाती. "आमच्या आप्पांचा हाये. सासऱ्यांचा. मोठ्या पात्याला धार लावा. तेवढंच सांगितलंय त्यांनी. दुपारच्या गाडीनं माघारी जायचंय मला."

मी मोठं पातं घेतलं. एका बाजूनं सपाट होतं. वर दिलेली माझी युक्ती वाचकांना आठवत असेल. मला तेव्हा आठवली नाही. धार लावली, केस तोडून दाखवला. मग दुसरं पातं उघडलं. ते करंगळीएवढं, टोकाला गोल, जिभेसारखं. त्याला धार अशी नव्हतीच. समोर कात्र्यांसाठी थांबलेले दोन द्राक्षवाले होते, त्यातल्या एकानं विचारलं, "मामा, ह्ये बारकं कशाला वो?"

मंदाताईंना विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण विचारणं म्हणजे येत नाही असं कबूल करणं. मी चष्मा वर करून म्हणालो, "पाकीट फोडायचं पातं. साहेबलोकांची पत्रं यानंच उघडत. वापरून वापरून धार पार गेलीय." आणि नुसतं बोलून थांबलो नाही. पातं शाणाच्या फिरत्या चाकावर धरलं. त्याची दोन्ही अंगं घासून पातळ केली, पाण्याच्या दगडावर फिरवली, आणि वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून चर्रकन् फाडून दाखवला. द्राक्षवाल्यांनी माना डोलावल्या. "याचे पैसे नकोत," मी म्हणालो, "हे माझ्याकडून."

"आप्पांना बरं वाटंल," मंदाताई म्हणाल्या आणि गाडीला पळाल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन आला. "मामा, मी मंदा बोलते, महाळुंग्याची. तुमी त्या बारक्या पात्याला काय केलं वो? आप्पांचं चार डोळं वाया गेलं. अंगठाबी कापलाय. सकाळपासनं बोलत न्हाईत कुणाशी."

"डोळे?" मी म्हणालो, आणि पुढचं त्या सांगण्याआधीच मला सगळं उमगलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रानबोरीवर गोड बोर आणायची असेल, तर गोड झाडाच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, नखाएवढ्या सालीसकट काढतात. रानबोरीच्या फांदीला एक आडवी आणि एक उभी चीर देतात, चिरेच्या दोन्ही कडांची साल हळूच उचलतात, डोळा आत सरकवतात आणि वरून बांधतात. याला डोळा भरणं म्हणतात. चीर द्यायला धारेचं पातं लागतं. साल उचलायला लागते ती बोथट जीभ. सालीखाली लाकडावर जी ओली, बुळबुळीत कांती असते तिच्यावरच डोळा जगतो. तिला ओरखडा गेला की संपलं. आणि मी त्या जिभेला दाढी करण्याजोगी धार लावून दिली होती, वरून फुकट.

पुतण्याला दुकान सोपवलं, पिशवीत कानशी, दगड आणि करवतीचं पातं टाकलं आणि मोटरसायकल काढली. वाटेत पाऊस होता. मी रेनकोट घालायचं विसरलो होतो, आणि बरं झालं असंच वाटत होतं.

आप्पा पडवीत बसले होते. पंच्याऐंशीच्या घरातलं वय, हाडकुळे हात, डाव्या अंगठ्याला चिंधी. पुढ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बोरीच्या काड्या. मंदाताईंनी माझं नाव सांगितलं. आप्पांनी वर बघितलं.

"धारवालं का?"

"हो आप्पा. चुकलं माझं."

"बसा."

त्यांनी आवाज चढवला असता तर मला हलकं वाटलं असतं. त्यांनी चाकू माझ्या हातात दिला. "साठ वरसं ह्येच्यानं डोळं भरलं. मला दिसतं कमी, मी हातानंच वळखतो. ध्यानातच न्हाई आलं. साल उचलाया गेलो आन् लाकडात रुतलं." मग म्हणाले, "त्येचं काम कापायचं न्हाई वो. सोडवायचं हाये."

मग मंदाताईंनी सगळं सांगितलं. रस्ता रुंद व्हायचा होता आणि बांधावरची आप्पांची बोर त्यात गेली. तीन दिवसांपूर्वी यंत्रानं बुंध्यासकट उपटली. आप्पांनी आधीच बांधाच्या आतल्या बाजूच्या दोन रानबोरी उन्हाळ्यात छाटून ठेवल्या होत्या, त्यांना नवे फुटवे आले होते. झाड पडलं त्या दिवशी काढलेल्या काड्यांवर चांगले अकरा डोळे मिळाले. चार गेले. सात उरले. काड्या ओल्या कपड्यात फार तर आजचा दिवस काढणार होत्या.

"दुसरी बोर मिळेल की रोपवाटिकेत," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

आप्पा हसले. "मिळंल ना. पायजे तेवढी मिळंल. ही बोर हिनं भरल्याली व्हती. माझ्या बायकोनं. लगीन होऊन वरीस झालं नव्हतं. मी म्हनलो, तुला न्हाई जमायचं. तर म्हनली, द्या हिकडं तो चाकू." त्यांनी गोणपाटावर हात फिरवला. "तिचा पयला डोळा. आन् शेवटचाबी. परत कदी चाकू हातात धरला न्हाई तिनं. म्हनायची, एक जमला, बास झाला."

त्या बाई जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी मान खाली घातली आणि कामाला लागलो. दुसरं काय करणार?

जिभेची धार मारणं सोपं होतं. कानशीनं कडा मारल्या, दगडावर गोल केल्या. पण मी आदल्या दिवशी इतकं लोखंड खाल्लं होतं, की करंगळीएवढी जीभ काडीएवढी उरली. आप्पांनी ती बोटावर फिरवली आणि मान हलवली. साल उचलेल, पण फाटेल. रुंद, गुळगुळीत आणि जराशी लवणारी वस्तू हवी होती. मी घरभर बघितलं. बांबू, लाकडी चमचा, शिंगाचा तुकडा, काहीच पटेना. शेवटी न्हाणीत एक जुना दात घासायचा ब्रश दिसला.

"हा चालेल का? आप्पा, तुमचा नाही ना?"

"माझा कशाला आसंल? मला दातच न्हाईत," आप्पा म्हणाले. मंदाताईंनी पदर तोंडाला लावला. घरात त्या दिवसाचं पहिलं हसू तेच.

दांडा कापला, कानशीनं चपटा केला, टोक गोल केलं, दगडावर उतरवला आणि शेवटी चपलेच्या चामड्यावर राख घेऊन अर्धा तास घासला. आयुष्यात हजारो पात्यांना मी धार दिली, पण एखाद्या वस्तूला कुठंही धार राहू नये म्हणून इतका जीव कधी टाकला नव्हता. आप्पांनी तो तुकडा घेतला, ओठांवरून फिरवला, डोळे मिटून पुन्हा फिरवला.

"जमलं," ते म्हणाले.

बांधावर गेलो. पाऊस उघडला होता. आप्पांनी उजव्या हातानं डोळा काढला, आणि इतकी वर्षं धारेची कामं करूनही मी तोंडात बोट घातलं. नुसतं एकदा ओढलं, की डोळा पात्यावर आलेला. चीरही त्यांनीच दिली. पण साल उचलायला डाव्या अंगठ्यानं कड धरावी लागते, आणि तिथं चिंधी होती. त्यांनी दांडा माझ्याकडं केला.

"उचला."

"मी? आप्पा, मंदाताईंना द्या. मी आणखी बिघडवीन."

"मंदा बांधंल. तिचा हात बांधायला बसलाय. बिघडवलंय कुणी? तुमीच ना? मंग उचला."

बोरीचे काटे मनगटात घुसत होते. मी श्वास धरून टोक चिरेत घातलं. "दाबू नगा. सरकवा... आता जरा वर. थांबा, तिचं तिला सुटू द्या." साल सुटली. खालचं लाकूड ओलं, पांढरं, एकही ओरखडा नसलेलं. आप्पांनी डोळा आत सरकवला, मंदाताईंनी प्लास्टिकच्या पट्टीनं बांधला, डोळ्याचं टोक तेवढं उघडं ठेवलं. एक झाला. मला घाम फुटला होता. सातव्यापर्यंत आप्पांनी सूचना देणं बंद केलं होतं आणि मला त्याचा कोण अभिमान वाटला.

डोळ्याखाली पानाचा देठ मुद्दाम ठेवलेला असतो. आप्पांनी सांगितलं, तीन आठवडे कुणी हात लावायचा नाही. मग देठाला बोट लावायचं. डोळा जगला असेल तर देठ बोट लागताच गळून पडतो. मेला असेल तर देठ वाळून तसाच चिकटून राहतो, ओढला तरी सुटत नाही.

ते तीन आठवडे मी चिडचिडा झालो होतो, असं बायको म्हणते. दुकानात कुणी घडीचा चाकू आणला की मी पुतण्याकडं बोट दाखवायचो. पाऊस आला की वाटायचं, जास्त झाला. उघडला की वाटायचं, वाळतील. देवाला म्हटलं, एक जगू दे. नवस मात्र बोललो नाही, कारण नवसाला काय बोलावं तेच सुचेना.

गणपतीच्या आधी मंदाताईंचा फोन आला. "आप्पांनी अजून हात लावला न्हाई. म्हनतात, त्यांना येऊ द्या."

आम्ही तिघं बांधावर गेलो. आप्पा वर्षभरात घर आणि हा बांध सोडून कुठं गेले नव्हते; तेवढंही चालायला त्यांना काठी आणि मंदाताईंचा दंड लागायचा. त्यांनी मला पुढं केलं. "लावा बोट."

पहिल्या देठाला लावलं. हलला नाही. काळा पडून चिकटलेला. दुसऱ्याला लावलं. तोही तसाच. मंदाताईंनी तोंड फिरवलं. मला आप्पांकडं बघवेना. तिसऱ्याला हात न्यायचा धीरच होईना.

"लावा की," आप्पा म्हणाले.

मी बोट लावलं. लावलं म्हणजे टेकवलंच नुसतं. देठ टपकन् गळून माझ्या तळव्यावर पडला. खाली डोळा हिरवागार, फुगलेला.

"आप्पा!" मंदाताई ओरडल्या. "सुटला! आप्पा, धरला डोळा!"

चौथाही सुटला. पाचवा चिकटला, सहावा सुटला, सातवा तर माझं बोट लागायच्या आधी वाऱ्यानंच पडला. सातातले चार. मंदाताई रडत होत्या आणि हसत होत्या. मी तिथंच चिखलात बसून पडलेले देठ गोळा केले.

 आप्पांनी ते चार गळालेले देठ माझ्याकडून मागून घेतले, टोपी काढली, देठ टोपीत ठेवले आणि टोपी डाव्या हातात धरून चालायला लागले. घराकडं नाही, गावाकडं. मंदाताई मागं धावल्या. "आप्पा, कुठं निघालात?" त्यांनी दंड झिडकारला. उजव्या हातात काठी, आणि काठीच्या आधारानं त्यांची पावलं अशी पडत होती, की मला मागं राहायला झालं.

पारावर पाच-सहा म्हातारे बसले होते. आप्पांना बघून सगळे उठले. "आरं, आप्पा! तुमी हिकडं? काय झालं? टोपीत काय हाये?"

आप्पांनी टोपी पुढं धरली. "देठ."

"कशाचं?"

"गळाल्यालं," आप्पा म्हणाले, आणि ज्यांना कळायचं त्यांना तेवढ्यात कळलं. एकानं कपाळाला हात लावला. दुसरा म्हणाला, "वैनींची बोर ऱ्हायली मंग." टोपी हातोहात फिरली. प्रत्येकानं वाकून ती चार कस्पटं डोळे भरून बघितली.

मग कुणीतरी माझ्याकडं बोट केलं. "ह्ये पावणं कोन?"

मी मान खाली घातली. आता नारायणगावचा धारवाला, ज्यानं जीभ बिघडवली आणि अंगठा कापला, तो सगळा इतिहास निघणार आणि निघायलाच हवा होता. आप्पांनी काठी बगलेत धरली, चिंधी सुटलेला अंगठा माझ्या खांद्यावर टेकवला आणि भरल्या पारावर म्हणाले,

"ह्ये व्हय? ह्ये माझं साल उचलनारं भाऊ हायेत."